कवटी दिव्यासमोर धरली की

दिवेलागण

वैद्यकीय शाखेच्या पहिल्या वर्षाला मी शरीररचना शिकवते. कवटीच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडत नाही. खोलीतले दिवे मालवते, कवटीची वरची टोपी उचलून बाजूला ठेवते (शिकवायच्या कवट्या कपाळाच्या उंचीवर आडव्या कापलेल्या असतात) आणि उरलेल्या भागाखाली विजेरी धरते.

मुलं आत वाकून बघतात आणि गप्प होतात. कवटी म्हणजे सगळीकडे सारखंच जाड, टणक हाड असं त्यांनी धरलेलं असतं. प्रत्यक्षात डोळ्यांच्या खोबणीचं छत तेलकट कागदासारखं उजळतं. कानशिलाशी पिवळसर उजेड झिरपतो. मागे, लहान मेंदू जिथे टेकतो तिथेही. आणि या उजेडाच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक काळा, तिरका कणा तसाच राहतो. त्यातून काहीही पलीकडे येत नाही. तो शंखास्थीचा, म्हणजे कानाजवळच्या हाडाचा, आतला भाग, शरीरातल्या सगळ्यात घट्ट हाडांपैकी एक. ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं यंत्र त्याच्या पोटात आहे. हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांमधून डीएनए काढायचा तर संशोधक आज आधी हाच तुकडा शोधतात, कारण तिथे तो सगळ्यात चांगला टिकलेला असतो.

कवटीचा तळ सपाट नाही, त्याला तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वरची पुढे, कपाळामागे. तिच्यावर मेंदूचा पुढचा भाग बसतो आणि तिच्या मध्यावर चाळणीसारखी भोकं असलेली एक चिंचोळी पट्टी आहे. वासाचे धागे या भोकांमधून नाकात उतरतात. मधली पायरी फुलपाखरासारखी. तिच्या मध्यभागी घोड्याच्या खोगिरासारखा खळगा आहे आणि त्यात संप्रेरकं बनवणारी पियुषिका ग्रंथी बसते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. या हाडाला आपल्याकडे जतुकास्थी म्हणतात. जतुका म्हणजे वटवाघूळ. कवटीतून सुटं करून हातात घेतलं की नाव ठेवणाऱ्याची नजर पटते. तिसरी पायरी सगळ्यात खोल. तिच्या तळाशी महारंध्र, म्हणजे मोठं भोक, ज्यातून मेंदूचा देठ खाली मज्जारज्जू होऊन जातो.

आता हा चर्चेचा धागा काढण्याचं कारण. कवटी मेंदूचं रक्षण करते हे आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण अर्धं. मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही, फुगत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी या तीनच गोष्टी आहेत आणि जागा मोजून मापून दिलेली आहे. एक वाढलं की दुसऱ्याला कमी व्हावंच लागतं. अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्ये आणि जॉर्ज केली यांनी १८२४ मध्ये ही गोष्ट मांडली, आणि डोक्याच्या दुखापतीचा उपचार आजही याच पायावर उभा आहे. आत कुठे रक्त साठायला लागलं तर आधी पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, मग शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं. तोवर माणूस बोलतो, चालतो, हसतो. ही सवलत संपली की थोडंसं जास्तीचं रक्तही दाब झपाट्याने चढवतं.

म्हणून डोक्याला मार लागल्यावर 'हाड मोडलं का' हा प्रश्न पुरेसा नाही. आत कोणी जागा व्यापतंय का, हे विचारायला हवं.

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी घरात शिकले. माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा होता. खेळताना चेंडू कानशिलावर बसला. खाली पडला, उठला, उरलेला डाव खेळला. ज्या ठिकाणी आधी नेलं तिथे एक्सरे काढला, हाड मोडलेलं दिसत नाही म्हणून घरी पाठवलं. दोन तासांनी डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, मग झोप यायला लागली. सगळे म्हणाले, दमलाय, झोपू दे. आईने पाणी प्यायला उठवलं तर त्याला पेला धरता येईना, आणि ती तडक त्याला घेऊन निघाली. कवटी आणि मेंदूचं जाड आवरण यांच्यामध्ये रक्ताची गाठ झाली होती. त्या रात्री शस्त्रक्रिया झाली. आज तो ठणठणीत आहे.

पुढे मी कवटी हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा ती जागा शोधली. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागे, थोडी वर. तिथे चार हाडं एकमेकांना भेटतात आणि हाड फार पातळ असतं. आतून बोट फिरवलं तर एक खाच लागते, पानावरच्या शिरेसारखी फुटत गेलेली. त्या खाचेत मेंदूच्या आवरणाची धमनी असते. हाडाला इतकी चिकटून राहते की हाडावर तिचा ठसा उमटतो. मार तिथे बसला तर फाटते ती धमनी.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. जमेल तसं लिहीन.

---

रानजाई

वाचनखूण साठवली. ताई, तुमच्या आईंना नमस्कार.

माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. त्याची टाळू रडताना फुगते आणि शांत असताना ठोके दिसतात. घरात मतं अनेक. कोणी म्हणतं हात लावू नको, कोणी म्हणतं लवकर भरली पाहिजे. आणि एक वेडा प्रश्न: तोंडातली टाळू आणि डोक्यावरची टाळू, दोघींना एकच शब्द का?

दिवेलागण

@रानजाई, ठोके दिसणं आणि रडताना फुगणं दोन्ही स्वाभाविक. टाळूवर हाड नाही, पण कातडीखाली भक्कम पडदा आहे. न्हाऊमाखू घालताना हात लागल्याने काही होत नाही.

ती बंद व्हायची घाईही नको. जन्मताना डोकं अरुंद वाटेने यायचं असतं, म्हणून हाडं एकमेकांवर सरकू शकतात. त्यानंतरही मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्याला जागा लागते. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत मिटते, पुढची मोठी बहुतेकांची दीड ते दोन वर्षांपर्यंत. एखादा सांधा फार लवकर जुळला तर डोकं त्या दिशेने वाढू शकत नाही आणि दुसरीकडे वाढतं. मधला उभा सांधा आधी मिटला तर ते लांबट आणि अरुंद होतं. म्हणूनच प्रत्येक भेटीत डॉक्टर फीत लावून डोक्याचा घेर मोजतात. ते मोजमाप चुकवू नका.

लक्ष कशाकडे द्यायचं ते सांगते. बाळ शांत आहे, उभं धरलंय, तरी टाळू ताठ फुगलेली असेल, सोबत ताप, उलट्या किंवा मरगळ असेल, तर थांबू नका. उलट्या-जुलाबात टाळू आत गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय, तेव्हाही लगेच दाखवा.

शब्दाचं मला नीट सांगता येणार नाही, एवढंच म्हणेन की एक टाळू तोंडाचं छत आहे आणि दुसरी डोक्याचं. इथे भाषेची जाणकार मंडळी आहेत, त्यांनी लिहावं.

---

पाऊलवाट

'सवलत संपली' हे वाचून काकांचे ते दिवस आठवले. अपघातानंतर त्यांच्या मेंदूला सूज आली होती. डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि तो त्यांच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. आम्हाला सांगितलं तेव्हा विश्वास बसेना. तीन महिने काकांच्या डोक्याची एक बाजू मऊ होती, पोटावर उंचवटा होता. नंतर तेच हाड परत बसवलं. मला आजही समजत नाही की इतकं महत्त्वाचं हाड काढून कसं टाकता येतं.

दिवेलागण

@पाऊलवाट, काका आता कसे आहेत? हा अनुभव लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

मेंदू सुजला आणि कवटी जागा देत नाही, तेव्हा भिंतच काढावी लागते. सुजेला बाहेरच्या बाजूला वाव मिळाला नाही तर ती मेंदूला खाली महारंध्राच्या दिशेने ढकलते. तिथे श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा देठ आहे, तो चेपला तर माणूस हाती लागत नाही. काढलेलं हाड पोटात ठेवतात कारण तिथे ते निर्जंतुक राहतं आणि ते त्याच माणसाचं असतं. काही ठिकाणी अतिशीत कपाटात ठेवतात. परत बसवणं केवळ दिसण्यासाठी नसतं. हाड नसताना बाहेरच्या हवेचा दाब थेट मेंदूवर येतो, आणि ते बसवल्यावर काही रुग्णांचं बोलणं-चालणं सुधारतं.

पाऊलवाट

हो! हाड बसवल्यावर दोन आठवड्यांत त्यांचं अडखळणं कमी झालं. आम्हाला तो योगायोग वाटला होता. काका आता सकाळी एकटे फिरायला जातात.

---

मुसाफिर

डोक्याला लागलं की डॉक्टर डोळ्यांत बत्ती मारतात. दुखणं डोक्यात, मग तपासणी डोळ्याची कशासाठी?

दिवेलागण

@मुसाफिर, फार छान प्रश्न. कारणं दोन.

मोठा मेंदू आणि लहान मेंदू यांच्यामध्ये जाड आवरणाचाच एक तंबूसारखा पडदा ताणलेला असतो. त्याला मध्ये एक खिडकी आहे आणि मेंदूचा देठ तिथून खाली जातो. बाहुली लहान करणारी नस या खिडकीच्या काठाजवळून जाते. वर एका बाजूला रक्त साठलं की मेंदूचा आतला काठ खिडकीतून खाली उतरू लागतो आणि ही नस दाबतो. मग त्या बाजूची बाहुली मोठी होते आणि उजेडाला दाद देत नाही. गुंगीतल्या माणसाच्या दोन बाहुल्या असमान दिसल्या तर मिनिटं मोजायची असतात.

दुसरं कारण सावकाश वाढणाऱ्या दाबाचं. दृष्टीची नस मेंदूची आवरणं अंगावर घेऊनच डोळ्यापर्यंत येते, आणि त्या आवरणांमध्ये तेच पाणी असतं. कवटीतला दाब त्या पाण्यातून डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचतो आणि नसेचं टोक सुजलेलं दिसतं. कवटी न उघडता आतला दाब असा नजरेने बघता येतो. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखणं, खोकताना-वाकताना वाढणं, सोबत उलटी आणि मधूनच नजर अंधुक होणं, हे सगळं एकत्र असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

---

चकवा

लेख आवडला, पण एका मुद्द्यावर वेगळं मत आहे. कवटीची हाडं मोठ्या माणसातही हलतात आणि तज्ज्ञ हाताने हलका दाब देऊन त्यांची लय सुधारू शकतात असं मी शिकलो आहे. माझी वर्षानुवर्षांची डोकेदुखी अशा उपचाराने कमी झाली. तेव्हा 'कवटी फुगत नाही' हे विधान मला पटत नाही.

दिवेलागण

@चकवा, तुम्हाला आराम मिळाला त्याबद्दल शंका घेत नाही. पण त्याचं कारण हाडं हलणं हे नाही.

सांधे जवळून बघितले आहेत का? दोन करवतींचे दाते एकमेकांत अडकवावेत तशा त्या रेषा नागमोडी आहेत, आणि मध्ये चिवट तंतू. वय वाढतं तसे त्यातले बरेचसे हळूहळू हाडाने भरतात. बोटाच्या हलक्या दाबाने ते सरकत नाहीत. सरकत असते तर न्यूरोसर्जनला करवत घ्यावी लागली नसती. कवटीत खरोखर हलणारं मोठं हाड एकच, खालचा जबडा.

दुखणं का कमी झालं असावं, ते सांगते. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. त्यामुळेच काही शस्त्रक्रियांमध्ये रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत मेंदूवर काम करता येतं. डोकेदुखी उठते ती आवरणांतून, रक्तवाहिन्यांतून, आणि डोक्या-मानेच्या स्नायूंतून. कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा, एक रुंद स्नायू ताठ झालेला लागेल. तो पंख्यासारखा पसरून खालच्या जबड्याला येऊन मिळतो. ताणात माणूस नकळत दात आवळून धरतो आणि हा स्नायू दुखायला लागतो. हळुवार हात, शांत खोली, अर्धा तास डोळे मिटून पडणं, यांनी तो सैल होतो.

चकवा

दात आवळण्याची सवय आहे खरी. दंतवैद्यही म्हणाले होते. तुमचं म्हणणं पूर्ण पटलं असं नाही, पण सांध्यांची चित्रं बघतो.

---

जुनी वही

जबड्याचा विषय निघाला म्हणून. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनने खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता आणि तेराशे वर्षं तेच शिकवलं गेलं. शरीररचनाशास्त्रज्ञ वेसेलियसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात लिहिलं की माणसात तो एकच आहे. गॅलनची बरीचशी विच्छेदनं प्राण्यांवर झाली होती. आणि आपल्या सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. चपटी हाडं ती कपाल, दात ते रुचक, कूर्चा (कानाच्या पाळीत असते तसं मऊ, लवचिक हाड) ती तरुण. कपाळमोक्ष म्हणताना आपण तोच जुना शब्द वापरतो. कूर्चेला 'तरुण' म्हणणं मला फार सुंदर वाटतं.

दिवेलागण

@जुनी वही, 'तरुण' सुंदर तर आहेच, नेमकाही आहे. कवटीच्या तळाची बरीचशी हाडं गर्भात आधी कूर्चा असतात आणि मग हाड होतात. वरचं छत मात्र थेट पडद्यात तयार होतं.

गॅलनची चूकही अगदीच निराधार नव्हती. गर्भात माणसाचाही जबडा दोन अर्ध्यांत असतो आणि हनुवटीपाशी पहिल्या वर्षात जुळतो. कपाळाचंही तसंच, दोन अर्धी जुळून एक होतात. काहींमध्ये ती मधली रेष आयुष्यभर राहते आणि एक्सरेत तडा समजून घोटाळा होऊ शकतो.

---

ओंजळ

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी दुचाकीवरून पडले, कपाळाला मार होता. टाके घातले, बरं वाटलं. पण तेव्हापासून उजव्या नाकपुडीतून पाणी येतं. सर्दी नाही. खाली वाकले की टपटप गळतं, घशात खारट लागतं. आणि कशालाच वास येत नाही. ओळखीच्यांनी सर्दीच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या. तुमच्या लेखातली 'चाळणी' वाचली आणि भीती वाटली.

दिवेलागण

@ओंजळ, आजच दाखवा. कान-नाक-घसा किंवा न्यूरोसर्जन, जे लवकर भेटतील ते. एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर गळणारं, खारट पाणी आणि गेलेला वास, हे मार लागल्यानंतर एकत्र आलं की ते मेंदूभोवतीचं पाणी नाही ना हे आधी बघावंच लागतं. मारामुळे चाळणीला आणि तिच्यावरच्या आवरणाला चीर गेली तर पाणी नाकात उतरतं. पाणी गेल्याची मला तेवढी चिंता नाही, शरीर रोज सुमारे अर्धा लिटर नवं बनवतं आणि एका वेळी आत दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतं. चिंता उलट वाटेची आहे. नाकातले जंतू त्याच चिरेतून वर जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो.

तोवर नाक जोरात शिंकरू नका, शिंक दाबू नका, जड उचलू नका, नाकात काही घालू नका. गळणारं पाणी स्वच्छ बाटलीत धरता आलं तर डॉक्टरांना द्या, ते कोणतं आहे हे तपासता येतं. ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, यातलं काहीही झालं तर थेट तातडीच्या विभागात.

निळा डोंगर

कान-नाक-घसा विभागात परिचारिका आहे. वरच्या प्रत्येक ओळीशी सहमत. कानाचंही असंच आहे, मार लागल्यानंतर कानातून पाणी किंवा रक्त आलं तर बोळा कोंबू नका, वरून फक्त स्वच्छ कापड ठेवा. कानामागे काळंनिळं पडलं असेल तर तेही सांगा, ते बरेचदा एक-दोन दिवसांनी दिसतं.

आणि जुना फुटलेला कान, वर्षानुवर्षं वाहणारा, त्याला 'सवयीचा' म्हणू नका. मधल्या कानाच्या वर मेंदू आणि कान यांच्यामध्ये हाडाचा अगदी पातळ पापुद्रा असतो. आतली सड तो पोखरते. कानाचं दुखणं मेंदूत गळू होऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

ओंजळ

चार दिवसांनी लिहिते आहे. तेच निघालं. बाटलीतलं पाणी तपासलं, सीटी स्कॅनमध्ये चाळणीच्या उजव्या बाजूला बारीक चीर दिसली. सध्या उशाकडून उंच केलेल्या खाटेवर सक्तीची विश्रांती. थांबलं नाही तर नाकातूनच दुर्बिणीने बुजवतील म्हणाले. कालपासून गळणं कमी आहे. तुम्हा दोघींचे आभार कसे मानू.

वास परत येईल का हो?

दिवेलागण

@ओंजळ, वाचून किती बरं वाटलं. वेळेत गेलात.

वासाबद्दल खरं तेच सांगते. वासाचे धागे त्या भोकांतून जातात आणि झटक्याने मेंदू हलला की तिथेच तुटू शकतात. वासाच्या पेशी नाकात आयुष्यभर नव्याने तयार होतात, ही जमेची बाजू. नवे धागे त्याच भोकांतून वर जायला बघतात. पण भोकांवर व्रण धरला असेल तर वाट बंद होते. काहींचा वास काही महिन्यांत थोडा-बहुत परततो, काहींचा परतत नाही. सुरुवातीला ओळखीचे वास भलतेच लागू शकतात, त्याला घाबरू नका. रोज सकाळ-संध्याकाळ चार वेगवेगळे, ओळखीचे वास लक्ष देऊन हुंगण्याचा सराव असतो, त्याने काहींना फायदा होतो. गळणं पूर्ण थांबल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच सुरू करा.

तोवर घरात गॅस गळतीचा आणि धुराचा इशारा देणारं यंत्र बसवून घ्या, आणि शिळं ओळखायला दुसऱ्या कोणाची मदत घ्या. महिन्याभराने इथे कळवा.